दवाखान्याचा फुगा

फुगा बसच्या दारात अडकला. केवळरामने आतून ओढला, गोकुळाने बाहेरून गुडघा लावला, तेव्हा कुठे तो आत आला. पुढच्या सीटवरच्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या.

“हवा सोडून आणाचा होता ना भाऊ,” कंडक्टर म्हणाला.

“म्याडमनं भरून देल्ला, भरूनच वापस करून राह्यलो,” केवळराम म्हणाला.

“मंग याचं टिकट?”

“तो माह्या मांडीवर बसते,” गोकुळा म्हणाली. खिडकीशी बसून तिने फुगा मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांनी कवटाळून धरला.

फुगा म्हणजे व्यायामाचा निळा रबरी चेंडू, मोठा माणूस वर बसेल एवढा. हिवाळ्यात ओलं जाळं खांद्यावर घेऊन तलावाच्या पाळीवरून, त्या मातीच्या बांधावरून उतरताना केवळरामचा पाय घसरला आणि तो कमरेवर आपटला. गडचिरोलीच्या दवाखान्यात फोटो काढला, तर हाड शाबूत होतं. पण पोटाचे आणि कमरेचे स्नायू पार ढिले पडलेत, असं व्यायाम शिकवणाऱ्या दिव्यानी मॅडमने सांगितलं. ते घट्ट झाले की कंबर आपोआप सावरेल म्हणाली, आणि दवाखान्यातला हा चेंडू दिला. त्यावर बसून डुलायचं, मग पाठ टेकून मागे झुकायचं. बरं झालं की चेंडू परत आणायचा.

पहिले काही दिवस केवळरामने घर डोक्यावर घेतलं. ज्याचा बाप डोंग्यावर, मासेमारीच्या अरुंद होडीवर, उभ्या उभ्या म्हातारा झाला, त्याने लेकरासारखं फुग्यावर डुलायचं म्हणजे काय! शेणाने सारवलेल्या जमिनीवर फुगा सरके, हा कोलमडे आणि शिव्या गोकुळाला देई. ती मागे उकिडवी बसून फुगा घट्ट धरी. सकाळची भाकर त्यानंतरच तव्यावर पडायची. दुखणं हत्तीच्या पायाने येतं आणि मुंगीच्या पायाने जातं म्हणतात, पण मुंगी चालत राहिली. होळी झाली तेव्हा केवळराम विहिरीतून पाणी काढू लागला होता.

आता परवावर तलावाची मोठी मासेमारी आली होती. मच्छीमार सोसायटीचे सगळे डोंगे त्या दिवशी एकदम पाण्यात उतरायचे आणि सगळ्यांच्या पुढे केवळरामचा डोंगा असायचा. तो मान त्याच्या बापाचा होता, मग त्याचा झाला. यंदा मात्र सोसायटीचा अध्यक्ष लटारू अडून बसला. डॉक्टर हो म्हणेल तर डोंगा, नाहीतर पाळीवर बसून तमाशा पाहायचा, असं त्याने तोंडावर सांगितलं. तो होकार घ्यायलाच नवराबायको आज निघाली होती. एरवी केवळरामने बसमध्येच गाणं म्हटलं असतं.

पण काल एक गोष्ट झाली होती. जाळं शिवायची सुई घरी राहिली म्हणून तो भर दुपारी पाळीवरून परतला. दाराला आतून कडी होती. हाक मारणार, तेवढ्यात कुडाच्या फटीतून त्याला आत निळं काही हलताना दिसलं.

गोकुळा फुग्यावर होती. पाठ टेकून, हात दोन्हीकडे सोडून, डोळे मिटून ती हळूहळू मागे झुकत होती. फुगा धरायला कोणी नव्हतं, म्हणून तिने तो भिंत आणि धानाचं पोतं यांच्यामध्ये दाबून ठेवला होता. जरा मागे गेली की तिच्या तोंडून “आई वं” निघे, आणि मग लाकडाची मोळी खाली टाकल्यावर बाई सोडते तसा लांब श्वास. डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडे ओघळलं होतं. ते पुसायला तिने हात उचलला नाही.

केवळराम फटीला डोळा लावून उभा राहिला. लग्न होऊन आली तेव्हापासून ही बाई दर पावसाळ्यात लोकांच्या धानाच्या बांधीत वाकून रोवणी करते. रात्री निजताना कमरेला फडकं आवळून बांधते. ती त्याला तिची सवय वाटायची, कोणाला कुशीवर निजायची असते तशी. आपल्या कमरेसाठी घरातल्या कोंबड्यासुद्धा बाहेर हाकलल्या गेल्या आणि हिला कोणी एका शब्दाने विचारलं नाही. कोणी म्हणजे आपणच. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. सुई न घेताच तो पाळीवर परत गेला आणि दिवस मावळेपर्यंत नुसता बसून राहिला.

संध्याकाळी जेवताना त्याने विचारलं होतं, “तुही कंबर दुखते का वं?”

“मले काय धाड भरली!” म्हणत तिने भात वाढला होता.

दवाखान्यात दिव्यानीने त्याला वाकवलं, निजवलं, कंबर उचलायला लावली, एका पायावर उभं केलं. केवळराम खांबासारखा उभा राहिला.

“फारच छान, केवळरामभाऊ! परवा खुशाल डोंग्यावर जा,” असं म्हणून तिने फुगा घ्यायला हात पुढे केले.

गोकुळाने लगेच दिला नाही. आधी पदराने त्याच्यावरची धूळ पुसली, जिथे नव्हती तिथलीही पुसली, आणि मग दिला.

“म्याडम,” केवळराम घाईने म्हणाला, “हिची बी कंबर पाहा ना जराशी.”

“माही?” गोकुळा दचकली. “काई नाई जी मले. यायचं काई आयकू नका.”

“दुखत असेल तर सांगा, गोकुळाबाई. लाजू नका.”

“दुखन कायले? चांगली हावो मी.”

हे बोलताना ती बाकावरून उठली ती भिंतीला हात टेकून. केवळरामने ते पाहिलं. दिव्यानी तोवर फुगा कपाटाकडे घेऊन निघाली होती. दाराबाहेर पुढचा पेशंट खाकरत होता.

केवळराम मटकन खाली बसला.

“म्याडम, खरं सांगतो. अजून चमक निघते. इथी.” त्याने कमरेवर हात ठेवला. “डोंग्याच्या लालचेनं बोललो नाई तुमाले.”

दिव्यानी थांबली. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग गोकुळाकडे.

“मग यंदा डोंगा नाही हं. घसरलात तर पुन्हा पहिल्यापासून.”

“नाई तं नाई,” केवळराम म्हणाला.

“चेंडू ठेवा अजून काही दिवस,” ती म्हणाली आणि फुगा गोकुळाच्या हातात दिला.

परतीच्या बसमध्ये फुगा पुन्हा गोकुळाच्या मांडीवर होता. मार्कंड्याचा फाटा आला तशी ती फुग्यावर हनुवटी टेकवून म्हणाली, “सकाळी तं धडधाकट होते तुमी.”

“सकाळी होतो.”

“अन् डोंगा?”

“निकेश उभा राहीन. लेकाले कवा ना कवा द्याचाच होता.”

मासेमारीच्या दिवशी सारं गाव पाळीवर लोटलं. पुढच्या डोंग्यावर निकेश बांबू घेऊन उभा राहिला, दोनदा डगमगला आणि सावरला. प्रत्येक वेळी केवळरामचे पाय जागच्या जागी तोल सावरू लागले.

“जीव तुटत असन ना गा तुहा?” लटारू शेजारी येऊन म्हणाला.

“तुटते ना,” केवळराम म्हणाला. “न तुटाले का मी दगड हावो?”

ऊन चढलं. वाटे पडले, मासळी घरोघर गेली, पोरंसोरंही पांगली. निकेशने पहिल्या वाट्याचा मरळ मासा बापाच्या हातात दिला आणि घरी चला म्हणाला. केवळराम उठला नाही; निकेशलाही त्याने जाळी धुवायला लावलं. घरात आता गोकुळाशिवाय कोणी नसेल आणि दाराला आतून कडी असेल, हे त्याला ठाऊक होतं. तो चांगला उन्हं कलेपर्यंत बसला.

घराशी आल्यावर त्याने मुद्दाम मोठ्याने खाकरलं. थांबून पुन्हा खाकरलं.

दाराला कडी नव्हती. दार सताड उघडं होतं, आणि समोर भर उजेडात गोकुळा फुग्यावर बसली होती. त्याला पाहून ती उठली नाही, पदरही सावरला नाही.

“खोकलून काय राह्यले?” ती म्हणाली. “मांगून धरा. सरकते.”

“हात मासळीचे हायेत.”

“असू द्या.”

केवळरामने मासा उंबऱ्यावर ठेवला आणि तिच्या मागे उकिडवा बसला, कमरेवर हात न ठेवता, पटकन.

“कंबर चमकन तुमची,” मागे न पाहता ती म्हणाली.

“चमकू दे,” केवळराम म्हणाला, आणि त्याने फुगा दोन्ही हातांनी धरला.