मोज्यांचा चौथा जोड

प्रमोदिनीला खोकी भरण्याचं भारी वेड. हॉलंडमधल्या अ‍ॅमस्टेलव्हीनमध्ये अठरा वर्षं काढली, पोरं आपापल्या वाटेला लागली, आणि त्यात हा मेला कोरोना. घरात बसून भिंतींशी बोलणार तरी किती? म्हणून दर गुरुवारी ती वस्तीतल्या हॉलवर जायची. परदेशी तैनात असलेल्या सैनिकांसाठी घरच्यांनी दिलेल्या वस्तू तिथे नीट बांधून लष्कराच्या टपालात टाकत. तोंडाला मास्क, चष्म्यावर वाफ. समोरची माणसं धुक्यातून तरंगत आल्यासारखी दिसायची. प्रमोदिनी प्रत्येक खोक्यावरून हळूच हात फिरवायची. कुणाचं का असेना, लेकरूच ते.

फेब्रुवारीत कालवे गोठले. सगळं जग कापसात गुंडाळून ठेवल्यासारखं गप्प झालं. अशाच एका सकाळी शेजारच्या फ्लूरचा फोन आला. तिला कोरोना झालेला, घराबाहेर पडायची सोय नाही.

"प्रमो, वाउटरचं खोकं तू बांधशील? सामान पायरीवर ठेवलंय."

वाउटर म्हणजे तिचा नवरा, लिथुआनियात तैनात. गेल्या वर्षी त्यांची मुलगी सातव्या महिन्यातच आली आणि दोन दिवसांत गेली. त्यानंतर त्या पठ्ठ्यानं तिचं नाव एकदाही तोंडातून काढलं नाही. पाळणा माळ्यावर टाकला आणि मोहिमेला नाव नोंदवलं. फ्लूरनं विषय काढला की उठून जायचा.

पिशवीत पावावर घालायचे चॉकलेटचे दाणे होते, प्रमोदिनीला अठरा वर्षांत कधी न आवडलेल्या काळ्या खारट गोळ्या होत्या, आणि लाल दोऱ्यानं बांधलेले मोज्यांचे तीन जोड. एक मोठा, एक मध्यम, आणि एक, अगंबाई, अंगठ्याएवढा!

प्रमोदिनी धावतच फ्लूरच्या खिडकीशी गेली. काचेआड फ्लूर पोटावर हात ठेवून उभी होती.

"बोलायला गेले तर तो फोन ठेवेल," ती म्हणाली. "म्हणून मोजे. पण त्याला हे नकोच असलं तर मी काय करू, प्रमो?"

"असं कसं होईल पोरी," प्रमोदिनी म्हणाली आणि पिशवी उचलून निघाली.

घरी येऊन तिनं खोकं भरलं. पण तीन जोड काही तिच्यानं बांधवेनात. तीन तिघाडा, काम बिघाडा! तिची आई शेजारणीला पुऱ्यासुद्धा कधी तीन देत नसे. आणि इथे तर सीमेवरच्या माणसाला, असल्या नाजूक बातमीला तीन? छे! फ्लूरला विचारायला हवं होतं, पण तिला हे तिनाचं काय समजावणार, कपाळ? तिनं कपाट उघडलं. पुण्यात तिच्या लेकीला, संहिताला, टाळेबंदीत बाळ झालं होतं. त्याच्यासाठी विणलेले पिवळे मोजे प्रवास बंद म्हणून तसेच पडून होते. बाळाचे पाय एव्हाना केवढे झाले असतील. तिनं डोळे पुसले आणि तो जोड लाल दोऱ्यात सरकवला. चार झाले. जिवाला बरं वाटलं.

बर्फ वितळलं. दिवस एकमेकांत विरघळत गेले. कधी वाटे, ते खोकं ढगांवरून डुलत डुलत चाललंय आणि आपण त्यात बसलोय.

मग एका दुपारी मेथी निवडताना तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दोन मोठे, दोन छोटे. अरे देवा! तो जुळं समजेल!

ती तशीच चपला अडकवून फ्लूरकडे पळाली. फ्लूर आता बरी झाली होती. तिनं दार उघडलं, तर डोळे रडून लाल.

"वाउटरचा फोन आला होता."

प्रमोदिनीच्या तोंडचं पाणी पळालं.

"तो रडला, प्रमो. म्हणाला, 'तू टेसालाही मोजलंस.' टेसा म्हणाला तो! वर्षभरात पहिल्यांदा. मग तासभर तिच्याबद्दलच बोलत होता, तिची नखं कशी होती ते. आणि म्हणाला, या बाळाला आपण ताईबद्दल सांगू." तिनं प्रमोदिनीचे दोन्ही हात धरले. "पिवळे मोजे तू ठेवलेस ना? तुला कसं कळलं?"

तीन तिघाडा प्रमोदिनीच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते तिनं गिळलं.

"कशी होती गं नखं?" तिनं विचारलं.

आणि फ्लूर सांगू लागली.