अट नव्हे, इच्छा

बाबा जाऊन महिना होतो न होतो तोच दादाने घराला गिऱ्हाईक आणलं. ताई औषधांच्या दुकानातल्या कामावरून परतली, तर बंड्याच्या खोलीत एक परका माणूस टेप लावून भिंत मोजत होता आणि बंड्या टेपचं दुसरं टोक धरून खुशीत उभा होता. बंड्या दोघांचा धाकटा भाऊ; वयाने बेचाळीसचा, समजेने सात-आठ वर्षांचा. याच घरात जन्मला आणि गल्लीपलीकडे कधी एकटा गेला नाही.

"हे काय चाललंय?" तिने दादाला विचारलं.

"घर मला दिलंय बाबांनी. मृत्युपत्रात आहे."

"बंड्या मरेपर्यंत मागच्या दोन खोल्यांत राहील, हेही आहे."

दादाने कागदच पुढे केला. "नीट वाच. 'राहू द्यावे अशी माझी इच्छा आहे.' इच्छा, अट नव्हे. मी एका वकिलाला विचारून आलोय, मला बंधन नाही. त्याला चांगल्या संस्थेत ठेवू."

"तूच जाऊन राहा की संस्थेत!"

टेप घेतलेला माणूस हळूच सटकला. ताईने ते वाक्य चारदा वाचलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. बाबांनी उभा जन्म कारखान्यात लेथवर काढला. 'इच्छा आहे' असलं मिळमिळीत ते कधी बोलले नव्हते. हवं असलं तर हवं म्हणायचे, नको तर ताट सरकवायचे.

दुसऱ्या दिवशी ती रजा टाकून बाबांचं मृत्युपत्र करणाऱ्या वकिलाच्या ऑफिसात जाऊन बसली. दीड तासाने वकीलसाहेबांनी आत बोलावलं.

"भावंडांत वाकडं येऊ नये म्हणून भाषा जरा मऊ ठेवली, बाई," ते म्हणाले. "आमचा मसुदा ठरलेला असतो."

"ठरलेला? म्हणजे दुसऱ्या कुणाच्या बापाचा?"

वकीलसाहेब चष्मा पुसू लागले.

"सही करण्याआधी त्यांना वाचून दाखवलंत? दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता त्यांच्या."

"मुद्दे सांगितले होते."

"मुद्दे!" ताईचा आवाज बाहेरच्या बाकांपर्यंत गेला. "मी एका गोळीच्या जागी तिच्यासारखी दिसणारी दुसरी दिली, तर माणूस मरतो. 'मुद्दा सांगितला होता' म्हणून सुटेन मी? फाइल काढा."

"तसं दाखवता येत नाही—"

दारात उभ्या असलेल्या म्हाताऱ्या टायपिस्टबाईंनी साहेबांकडे पाहिलंसुद्धा नाही. कपाटातून फाइल काढून त्यांनी ताईच्या पुढ्यात ठेवली. आत वहीचं फाडलेलं एक पान होतं. दिसत नसल्यामुळे विटांएवढी काढलेली बाबांची अक्षरं: 'बंड्याला मरेपर्यंत दोन खोल्या. घर विकलं तरी. ही अट. थोरल्याला पटो न पटो.' 'अट' या शब्दाखाली तीन रेघा होत्या. तिसऱ्या रेघेला कागद फाटला होता.

"हे तुमच्यासमोर होतं," ताई म्हणाली. "आंधळ्या माणसाने इतकं ठळक लिहून दिलं, आणि डोळस असून तुम्हाला दिसलं नाही."

त्याच आठवड्यात तिने वकिलाविरुद्ध बार कौन्सिलकडे तक्रार केली आणि दुसऱ्या वकीलबाई गाठल्या. मृत्युपत्र करणाऱ्याने सांगितलं एक आणि उतरलं भलतंच, हे सिद्ध झालं तर कोर्ट शब्द दुरुस्त करू शकतं, असं त्या म्हणाल्या आणि त्यांनी तसा अर्ज कोर्टात केला. टायपिस्टबाई साक्षीला तयार झाल्या. मग वकीलसाहेबांनीही आपली चूक प्रतिज्ञापत्रावर मान्य केली. दादाचं गिऱ्हाईक पळालं आणि दादा तडजोडीला आला: मागच्या दोन खोल्या बंड्यासाठी ट्रस्टमध्ये, उरलेलं घर त्याचं.

नव्या वकीलबाईंनी ताईला अक्षरशः पिळून काढलं. तुम्ही बंड्याच्या आधी गेलात तर? ट्रस्टीने लक्षच दिलं नाही तर त्याला काढणार कोण? संडास कुठला वापरायचा? खोल्या जळाल्या तर? ताई वैतागली, पण एकेका प्रश्नाचं उत्तर देत गेली. पक्क्या झालेल्या दस्ताची बारा पानं बाईंनी मोठ्याने वाचली. मग बंड्याला समोर बसवून त्याला कळेल असं पुन्हा सांगितलं.

सही करताना दादा म्हणाला, "एका शब्दासाठी सख्ख्या भावाला कोर्टाची पायरी दाखवलीस."

"शब्द वकिलाने खाल्ला," ताई म्हणाली. "तू त्यावर ढेकर दिलास."

दादा जिना उतरून निघून गेला. त्यानंतर तो आला नाही. बंड्या रविवारी विचारतो, दादा कधी येणार? तेवढ्यानेही ताईला पुन्हा संताप येतो.

पुढच्या महिन्यात जुन्या वकीलसाहेबांचा फोन आला. "प्रतिज्ञापत्र दिलं, तुमचं काम झालं. आता तक्रार मागे घ्या, बाई. माझं नाव खराब होतंय."

"तुमच्या कपाटात अजून किती जणांची मृत्युपत्रं आहेत?" तिने विचारलं.

"असतील बरीच. त्याचं काय?"

"ती सगळी बाहेर काढा. जे जिवंत असतील त्यांना बोलवा आणि वाचून दाखवा. शब्द न् शब्द. तक्रार मी मागे घेणार नाही." तिने फोन ठेवला आणि काउंटरवर ताटकळलेल्या म्हाताऱ्याची औषधांची चिठ्ठी हातात घेतली.