तीन फूट हसू

धाकूला दुपारपासून एका जागी बसवत नव्हतं. रत्नागिरीच्या मैदानात तंबू ठोकला होता, संध्याकाळी सहाला मूकपटाचा खेळ होता आणि जयगडचे रावजी तांडेल बायकोला घेऊन खास बघायला येत होते. धाकूची बहीण कमळा दहा दिवसांनी त्यांचीच सून व्हायची होती.

धाकू मुंबईला एका फिल्म कंपनीत चित्राचे तुकडे जोडायचा. गेल्या नारळी पौर्णिमेला त्यानंच मोठ्या मिजाशीत कंपनीचा कॅमेरा आपल्या गावी, जयगडच्या धक्क्यावर आणला होता. दरोडेखोर नायक होडीतून हात हलवतो आणि धक्क्यावरची एक मुलगी त्याच्याकडे बघून हसते, एवढाच प्रसंग. मुंबईत फिल्म धुतल्यावर कळलं की ती मुलगी झालेल्या नटीचं जवळून घेतलेलं चित्र साफ काळं पडलंय. मालक डोक्यावर बसलेला. धाकूपाशी कमळाचा तीन फुटांचा तुकडा होता. दोन वर्षांनी भाऊ दिसला म्हणून ती हसली होती आणि भाऊ कॅमेऱ्याला चिकटून उभा होता. त्यानं तो तुकडा नायकाच्या हलत्या हातानंतर लगेच जोडला, नि कमळा दरोडेखोराकडे बघून हसायला लागली. मालकानं पाठ थोपटली, तेव्हा हा गाढव खूशही झाला होता.

आता त्याच गाढवाला घाम फुटला होता. कमळा धक्क्यावर होती आणि नट होडीत नव्हताच, त्याचं चित्र चार दिवसांनी घेतलं, हे तो कुणाकुणाला सांगणार? पडद्यावर दिसलं ते खरं, असं मानणारी माणसं ती. लग्न मोडलं तर आई त्याला उंबऱ्यात उभं करणार नव्हती. आणि कमळाचं तर नावच गेलं असतं.

पाच वाजता तो यंत्र चालवणाऱ्या दादूच्या खोपटात शिरला.

"दादू, तिसऱ्या रिळातला एक तुकडा काढूचा हाय."

"तुज्या कंपनीचां चित्र, तुजी कात्री," दादू म्हणाला. "पन लवकर. लोक बसाय लागलेत."

धाकूनं रीळ उलगडलं, उजेडाकडे धरलं. हात हलवणारा नायक सापडला, त्यामागून कमळा. त्यानं तिला दोन्ही बाजूंनी कापली, टोकं खरवडली, औषध लावून जोडली आणि बोटांनी दाबून धरली. जोडताना पुढचं-मागचं नीट बघून घ्यायचं, हा त्याचा स्वतःचा नियम. आज तेवढा दम कुणाला होता? कमळाचा तुकडा खिशात घालून तो बाहेर पडला, तेव्हा कुठे त्याला जरा हायसं वाटलं.

खेळ सुरू झाला. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला. कमळा होणाऱ्या सासूच्या, गंगुबाईंच्या शेजारी मान खाली घालून बसली होती. पेटी वाजत होती. तिसरं रीळ लागलं. नायकानं होडीतून हात हलवला.

आणि पडद्यावर आल्या गंगुबाई. हातात सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ, पदर सुटलेला, तोंडभर हसू.

 तंबूत जी शिट्टी पडली, ती थांबेचना. मागून कुणी ओरडलं, "तांडेलीण, होडी इली गो!" रावजी खुर्चीत ताठ झाले. धाकूला आपली मान त्या कात्रीत दिल्यासारखं वाटलं. कमळा मधून निघाली होती, तिच्यामागचं सणाच्या गर्दीचं चित्र पुढे सरकलं होतं आणि नायकाचा हात थेट तिच्या सासूला लागला होता.

मध्यंतरात दिवे लागले, तशा गंगुबाई उठून सरळ त्याच्याकडे आल्या. मागे रावजी, त्यांच्या मागे कमळा.

"तू जोडतोस ना रे ही चित्रां?" गंगुबाई म्हणाल्या. "मी त्या मेल्याला हसलेली न्हाय. नारळ सोडताना हे घसरून चिखलात बसले, त्येंना हसले मी."

रावजींनी खाकरून दुसरीकडे बघितलं.

"खेळाआधी तू त्या यंत्राच्या खोपटात शिरलास, बघितलां मी. माज्याआधी कोन होता तिथां?"

 धाकूनं खिशातून तुकडा काढून दिला. गंगुबाईंनी तो दिव्यापाशी धरला, डोळे बारीक करून बघितलं.

"ही तर कमळा. ही कोनाला हसली?"

"मला," धाकू म्हणाला.  "दोन वर्सांनी गेलो होतो घरी. मी तां हसू घेतलां नि त्या नटाला दिलां."

"तर मग लाव परत तिला. उद्या परत खेळ हाय, नि मी एकटीनंच का म्हनून शिट्ट्या खायच्या?" त्या हसल्या, पण लगेच थांबल्या. "तिला विचारलंस?"

लावताना विचारलं नव्हतं. काढतानाही नाही. धाकूनं कमळाकडे बघितलं. तिनं गंगुबाईंच्या हातातून तो तुकडा घेतला.

"मी तुला हसले होते, दादा," ती म्हणाली. "माज्यापाशी ऱ्हाऊ दे." आणि तिनं तो पदराच्या टोकात बांधून टाकला.

"म्हंजे उद्या पन मीच," गंगुबाई म्हणाल्या, आणि रावजींना पुढे घालून जागेवर जाऊन बसल्या.