छातीवर ठिगळ असलेला कागद

मी एक जुना कागद आहे, मित्रांनो, आणि माझ्या छातीवर ठिगळ आहे. ते पाहून कुणी हळहळू नका. माझ्या गठ्ठ्यातले बाकीचे सगळे कागद केव्हाच रद्दीत गेले. मी अजून आहे, तो या ठिगळासकट.

माझा जन्म म्हैसूरच्या एका शाळेतला. माझ्या पाठीवर चौथीची कन्नड प्रश्नपत्रिका छापली आहे. प्रती जास्त झाल्या म्हणून सुष्मा टीचरांनी मला घरी नेलं. त्यांचं घराणं चार पिढ्यांपूर्वी इथं आलेलं. घरात मराठीच बोलतात, पण तिच्यात कन्नड शब्द इतके मिसळलेले की ते वेचून काढायला गेलं तर हातात वाक्यच उरत नाही. त्यांच्या मुलीनं, बारा वर्षांच्या तुंगानं, माझी कोरी बाजू वर केली आणि पेन्सिलीनं लिहिलं: नाव कपिला, पेशा वैद्य, पायरी पहिली.

त्या दिवसापासून मी कपिला झालो. आमचा खेळच तसा आहे. म्हैसुरातच, बोगादीला निशांतकाका राहतात, नोकरीसाठी नाशिकहून आलेले. दर रविवारी दुपारी त्यांच्या जेवणाच्या टेबलाभोवती मुलं जमतात. काका एक गोष्ट सांगतात आणि प्रत्येक मूल त्या गोष्टीतलं एक माणूस होतं. वैद्य, तिरंदाज, जादूगार, ज्याचा जो पेशा. केलेलं जमलं की फसलं, हे वीस बाजूंचा फासा सांगतो. त्या माणसाला काय काय येतं, ते मात्र कागदावर लिहायचं. काकांचा नियम होता, जे कागदावर नाही ते जगात नाही. हा नियम मला फार आवडायचा. त्यामुळे टेबलावर मला मान होता.

दोन वर्षांत कपिला आठव्या पायरीवर पोचली. अकरा औषधी, तीन लेप आणि विष उतरवण्याचा एक काढा माझ्या अंगावर नोंदला गेला. तुंगा फार दाबून लिहायची. "हळू लिही की गं, कागद आहे तो, पाटी नव्हे," असं टीचर म्हणायच्या. मला ते टोचायचं, पण खोटं कशाला बोलू, आवडायचंही.

मग शशांकच्या वडिलांची हुबळीला बदली झाली आणि त्याच्याबरोबर आमचा तलवारबाज गेला. गेला तोही नको त्या वेळी. काका तलकाडची वाळूत गाडलेली देवळं पाहून आल्यापासून त्यांच्या गोष्टीत वाळू फार यायची, आणि आमची टोळी तेव्हा वाळूत गाडलेल्या एका देवळात अडकली होती. तिथे काकांच्या पुतणीच्या, वल्लरीच्या तिरंदाजाला विंचू डसला. पुढच्या डावात त्याला काढा मिळाला नाही तर तो मरणार होता. वल्लरीनंही त्याला दोन वर्षं वाढवलं होतं.

तलवार कपिलानं शिकावी असं ठरलं. अंगात एक पेशा असताना दुसरा घ्यायचे दोन रस्ते काकांनी सांगितले आणि आपल्या सवयीनं त्यांना नावं ठेवली. पहिला रस्ता 'कात'. सापानं कात टाकावी तसा जुना पेशा टाकायचा. नवा झपाट्यानं वाढतो, पण जुन्यातलं काही वापरता येत नाही. दुसरा 'भिडू'. दोन्ही पेशे जोडीदारासारखे चालतात. मिळालेला अनुभव अर्धा अर्धा वाटला जातो, म्हणून दोन्ही रखडतात, पण हातचं काही जात नाही.

हे सांगितलं तेव्हा तुंगा नव्हतीच. ती सरगूरला मामाकडे बारशाला गेली होती. संध्याकाळी तिनं वल्लरीला फोन केला तेव्हा विंचवाचं आणि तलवारीचं तिला कळलं. मी तिच्या मांडीवर होतो.

"माझ्या वैद्यकीचं काय करायचं मत्ते?" तुंगानं विचारलं. तिच्या घरी 'मग'ला 'मत्ते' म्हणतात.

"भिडू. काका पण तेच म्हणाले."

"बिडु?"

"हो गं, भिडू."

मित्रांनो, कन्नडमध्ये 'बिडु' म्हणजे 'सोड'. तुंगाच्या घरात हा शब्द दिवसातून वीसदा कानावर पडतो. तिला वाटलं, वैद्यकी सोडायला सांगताहेत. मग तिरंदाजाचं काय, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण महिन्यापूर्वी खेळताना ती 'पुरे' ऐवजी 'साकू' म्हणाली होती आणि वल्लरी पोट धरून हसली होती. तेव्हापासून तुंगा त्या टेबलावर मोजकंच बोलायची. तिनं काही न विचारता फोन ठेवला.

मग तिनं खोडरबर घेतला. औषधी गेल्या, लेप गेले, काढा गेला. 'वैद्य' हा शब्द काही केल्या जाईना, कारण तोच सगळ्यात दाबून लिहिलेला. ती घासत राहिली, तिचे डोळे भरून आले आणि मी छातीवर फाटलो. मला तेव्हा तिचा राग आला होता, हे कबूल करतो.

रविवारी वल्लरी घाईघाईनं म्हणाली, "तुंगा, आधी मला काढा दे."

"नाही माझ्याकडे. तुम्हीच बिडु म्हटलं, मी सोडलं," तुंगा म्हणाली.

निशांतकाकांना म्हैसुरात सहा वर्षं झाली होती. त्यांनी कपाळावर हात मारला. "बिडु नाही गं. भिडू. भ, भटजीतला. जोडीदार."

"आमच्या घरी हा शब्दच नाही काका."

वल्लरीचा चेहरा उतरला. "मी मागे हसले होते, म्हणून तू परत विचारलं नाहीस ना?" तुंगानं होकाराची मान हलवली. काका नियमाला पक्के होते. कागदावर काढा नव्हता. तिरंदाज जाणार हे दिसत होतं, पण वल्लरी त्याच्याकडे बघतच नव्हती. तिनं मला उचललं आणि खिडकीशी नेऊन तिरपं धरलं.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी घटका ती. शिसं गेलं होतं, पण तुंगाच्या हाताचे वळ माझ्या अंगावर जसेच्या तसे होते. मी काहीही विसरलो नव्हतो.

"काका, आहे की कागदावर," वल्लरी म्हणाली. काकांनी चष्मा पुसला, मला बोटानं चाचपलं आणि म्हणाले, "आहे. वाच तुंगा." तिनं एकेक औषधीवर बोट फिरवत अकराही वाचल्या आणि शेवटी काढाही, मराठीत आणि कन्नडमध्ये, जशा आठवल्या तशा. कुणी हसलं नाही. फाशावर सतरा आले आणि तिरंदाज उठून बसला.

भोकावर ठिगळ वल्लरीनं लावलं. त्यावर तुंगानं लिहिलं: वैद्य, तलवारबाज, भिडू. कपिला आता रखडत वाढते आहे, आणि वल्लरी जेवताना आईला "साकू" म्हणते.

आता तुंगाकडे नवा कागद आहे आणि मी काकांच्या फाइलीत असतो. कुणी नवं मूल खेळायला आलं की मला बाहेर काढतात. तुम्हाला माझं एवढंच सांगणं आहे, लिहिताना खुशाल दाबून लिहा, पण खोडण्याआधी एकदा पुन्हा विचारा. विचारणाऱ्याला हसू नका. आणि मला कधी हातात घेतलंत तर उलटं करून पाहा. ठिगळ नेमकं ज्या प्रश्नावर आलं आहे, तो रिकाम्या जागा भरण्याचा. कन्नडमध्ये त्यांना 'बिट्ट स्थळ', म्हणजे 'सोडलेल्या जागा' म्हणतात, त्याच बिडुवरून. तिथे बोट फिरवलंत तर पलीकडून दाबून लिहिलेला भ हाताला लागतो.