निळा दोरा

आंबिवलीला कांताच्या घरात हातमाग दाराशीच होता. आलेल्या माणसाला मागाला वळसा घालूनच आत यावं लागे. "सोफा ठेवला असता तर बसून राहिला असतात," असं ती पाहुण्यांना सुनवायची आणि चहा ठेवायची. स्टोल, पिशव्या, जाकिटं ती हव्या त्या रंगात विणायची, पण नाव झालं ते पांढऱ्यावर. बौद्ध लग्नातल्या नवरीसाठी ती पांढऱ्या ओढणीवर पांढरीच नक्षी विणायची. लांबून साधं कापड. नवरी चालू लागली की त्यावर पिंपळाची पानं हलायची.

कळव्याच्या प्रियांकाची ओढणी वीतभर राहिली आणि कांता गेली.

"मी पुरी करते," तिची मुलगी अमृता म्हणाली. आईची शेवटची ओढणी अर्धवट दिसू नये आणि दुसरा हात लागल्याचं कुणाला कळू नये, एवढंच तिला हवं होतं.

काम थांबवताना कांता रोज एक निळा दोरा आडवा घालून ठेवायची. सकाळी त्याच्या शेजारची वीण बोटाने चाचपायची, मग दोरा काढून पुढे विणायची. "रात्री झोपून हात बदलतो गं. सांधा कुणाला दिसला नाही तरी मला ठाऊक हवा."

अमृताने तो शेवटचा निळा दोरा ओढून घेतला आणि धोटा हातात धरला. ऑफिसातून आल्यावर ट्यूबलाइटच्या उजेडात तिने उरलेली वीत विणून काढली. काम झालं तेव्हा आईची वीण कुठे संपली ते तिचं तिलाच सापडेना. आधी बरं वाटलं. मग जेवण जाईना.

सकाळी आईची मैत्रीण शकूमावशी आली आणि तिने दार सताड उघडलं.

"अगं बये! हे गं काय?"

अमृताने पाहिलं. आईचं कापड सायीसारखं पांढरं होतं. तिने विणलेली वीत निळसर, धुलाईच्या पावडरीतून काढल्यासारखी. सूत दुसरंच लागलं होतं.

"आई पांढरं सूत दारात उभी राहून निवडायची. मी विसरलेच."

"ट्यूबलाइटखाली म्हैससुद्धा गोरी दिसते," मावशी म्हणाली. मग आवाज खाली आणून, "जाऊ दे. स्टेजवर लाइट मारतात, कोण बघतंय?"

अमृता ऐकत नव्हती. दोन पांढऱ्यांच्या मधे सरळ रेघ होती. आई इथे थांबली होती.

ती आपली वीण उसवू लागली. रेघेपाशी येऊन तिने आईच्या शेवटच्या ओळीवरून बोट फिरवलं. घट्ट, सरळ. दमल्याची खूण कुठेच नव्हती. पुढचे मोकळे धागे तिने गाठी मारून तसेच सोडले.

प्रियांका ओढणी न्यायला आली. "एकाच बाजूला एवढ्या लांब दशा?"

"आईने इथवरच विणलं. माझ्याने पुढे नाही झालं."

प्रियांकाने ओढणी खांद्यावर टाकली, गिरकी घेतली. दशा उडाल्या. गाठींलगत एक निळा दोरा होता. अमृताने तो पुन्हा जागेवर घातला होता.

"तो काढून देते," अमृता म्हणाली.

"काढू नको गं," प्रियांका म्हणाली. "माझ्या लग्नात निळा नको?"