कावेरीच्या पायाची पट्टी

दचकू नका, मी पट्टी बोलतेय. खरं तर दचकण्याचा स्वभाव माझाच. कुणी ओढलं की मी लांबते, सोडलं की अंग आखडून घेते. गिरणीत माझ्या सुताला पीळच तसा दिलेला. साधी पट्टी जखम झाकून निवांत पडते. मला मात्र पाय आवळून धरायचा असतो. आणि सतत वाटत राहतं, फार घट्ट तर झाले नाही ना? सैल तर पडले नाही ना?

मुंबईहून बोटीने मी मालवणच्या बाजूच्या एका दवाखान्यात आले. एकोणसाठ सालचा पावसाळा सरला आणि तिथे कावेरी आली.

कावेरी खाजं करायची. जत्रेत भट्टीपुढे उभं राहून शेवेच्या कांड्या गुळाच्या पाकात घोळायच्या, हा तिचा आणि तिची नणंद शेवंती हिचा धंदा. उभं राहून राहून तिच्या डाव्या पायाच्या शिरा गांडुळांसारख्या वळल्या होत्या. घोट्याजवळची कातडी काळी पडलेली, संध्याकाळी पाय ओंडक्यासारखा जड. कार्तिकात जत्रा सुरू होणार. त्याआधी पाय उभा राहिला नाही, तर भट्टी थंडच राहायची.

डॉक्टरीणबाई धारवाडच्या. मराठी पुस्तकावरून शिकलेल्या. त्यांनी सांगितलं, "शिरेतल्या झडपा मिटत नाहीत, म्हणून रक्त खाली साचतं. जांघेत आणि घोट्यापाशी छोटा छेद घेऊन ती शीर तारेवरून ओढून काढू."

"मगे रगत खंयसून जातला?" कावेरीने विचारलं.

"आत मोठ्या शिरा आहेत. त्या नेतील."

शेवंतीला ते पटलं नाही. "झाडाचा मूळ उपाटल्यार फांदी सुकता, वयनी. पाय सुकाचो नाय मां?"

शीर निघाली. मग बोटांच्या मुळापासून वरपर्यंत मला आणि माझ्या बहिणींना गुंडाळलं, खाटेच्या पायथ्याखाली विटा ठेवून पाय उंच केला. माझ्याखाली कातडी निळीजांभळी होत होती. माझ्याच आवळण्याने झालं, या धास्तीने मी आणखी आखडले. बाई बोटं दाबून पाहत म्हणाल्या, "बोटं गरम आहेत. निळं होतंच, हळूहळू उतरेल." तरी माझा जीव थाऱ्यावर येईना.

शेवंतीने मात्र पक्कं ठरवलं होतं. "पाय भुंयक लावू नको हां. टाके उसवतले." कावेरीही हलेना. माणसांना वाटतं, दुखणाऱ्या अंगाला जितकं निजवावं तितकं बरं. मला तर पोटरी हलल्याशिवाय काम करताच येत नाही. तीच रक्त वर ढकलते, मी नुसती तिला टेकू देते. पण हे कुणाला सांगणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आल्या. पाय बघितला, दाराकडे बोट केलं आणि ठणकावून म्हणाल्या, "पुरे झालं झोपणं. आता चालत्या व्हा."

कावेरीचा चेहरा उतरला. "म्हंजे माका घालवतास?"

"हो, हो. चालत्या व्हा. रोज व्हा."

"ऐकलंस मां, शेवंते?" कावेरी ताडकन उठली. "माज्या बापायनसुद्धा माका असा कधी सांगूक नाय. उचल ता गाठोडा."

आणि तिने पाय जमिनीला लावला. टाके ताणले, ती विव्हळली, पण राग टाक्यांहून मोठा होता. खाटांच्या मधून ती तरातरा निघाली. मागून बाई खूश होऊन म्हणत होत्या, "छान. अजून पुढे. थांबू नका."

"बघलंस? अजून ढकलता माका."

दाराशी ती थांबली. पाऊल टेकलेलं होतं आणि पाय कोसळला नव्हता. शेवंती खाली वाकून पायाकडे बघत राहिली. बाई जवळ आल्या, कावेरीचा दंड धरला आणि म्हणाल्या, "आता परत या. संध्याकाळी पुन्हा."

"घालवतास की बोलवतास, एक कायतरी सांगा," कावेरी म्हणाली.

बाई गोंधळल्या. तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या बाईने हसत उलगडा केला, आणि डॉक्टरीणबाई कानापर्यंत लाल झाल्या. "मी फक्त चाला म्हणत होते."

"मगे तसा सांगूचा," कावेरी म्हणाली, आणि शेवंतीचा हात बाजूला सारून एकटीच खाटेकडे परतली.

घरी ती मला रोज सकाळी उठण्याआधी बांधायची, खालून वर. शेवंती मला धुऊन सावलीत आडवी पसरायची. कार्तिकात दोघी जत्रेला गेल्या. भट्टीपुढे कावेरी एका जागी उभी राहीनाशी झाली. दोन घाणे झाले की झारा शेवंतीच्या हातात देऊन चालून यायची. शेवंती म्हणायची, "गिऱ्हाईक इला की हिचो पाय फिराक जाता."

आता माझ्यात ताण उरला नाही. कितीही ओढा, मी परत येत नाही. आज पहिल्यांदा कावेरी मला फळीवर ठेवून जत्रेला गेली. तेव्हापासून माझी घालमेल चाललीय. गर्दीत ती विसरली तर? तासन् तास उभी राहिली तर? तुम्ही तिथे खाजं घ्यायला गेलात आणि ती जागेवर नसली, तर बायांनो, रागावू नका. जरा थांबा. ती चालून येत असेल.