धाकलूची पारख

"चौघी दूध देती, दोघं वाट दाविती, एक माश्या वारी. वळखा बघू कोन?"

सकुबाईने भाकरी थापता थापता कोडे घातले आणि नवऱ्याच्या तोंडाकडे न बघितल्यासारखे करून बघत राहिली. धाकलू चुलीपुढे उकिडवा बसला होता. त्याने एक निखारा बाहेर ओढला, उलटा केला, सुलटा केला आणि परत चुलीत सारला.

"सांगतो," तो म्हणाला.

कोडे गाईचे होते. वाडीतल्या शेंबड्या पोराला विचारले असते तर नाक न पुसता सांगितले असते. आणि धाकलू तर वाडीचा गुराखी. त्याच्या लग्नात हळदीला बायकांनी कोडी घातली, तेव्हा पठ्ठ्याने एकेक उत्तर देऊन वर दोन-दोन कोडी परत केली होती. सकुबाईची आई तेव्हा म्हणाली होती, "डोकं हाय जावयाला. पोर उपाशी मरनार नाय."

आता ते डोके सकाळचे उत्तर संध्याकाळी देत असे, आणि तेही बहुधा कालच्या कोड्याचे.

सगळे चिलमीने झाले. सिद्धगडाखालच्या रानात पावसाळाभर भिजून अंगात हिव भरायचे. एका गोसाव्याने दया येऊन दोन झुरके दिले. हिव गेले, गोसावीही गेला, चिलीम राहिली. आधी ती पावसापुरती होती, मग दुपारपुरती झाली, आणि आता तोंड धुण्याआधी लागत असे. चोरीचा मामलाही नव्हता. मुरबाडच्या सरकारी ठेक्यावर गांजा उजळ माथ्याने मिळायचा. त्याच सरकारचा डॉक्टर सांगायचा, गांजा ओढू नका. सरकारचे दोन्ही हात आपापल्या कामात होते.

धाकलू कधी आरडाओरडा करायचा नाही, हात उगारायचा नाही. गोष्ट सांगायला लागायचा आणि मध्येच थांबून विचारायचा, "काय सांगत व्हतो गो मी?" पाण्याला म्हणून जायचा आणि लाकडे घेऊन यायचा. श्रावणात सकुबाईने शपथ घालून चिलीम सोडवली, तेव्हा महिना सरता सरता माणूस जरा उजळला होता. एकदा तर तिचीच चूक काढून हसला होता. मग भाद्रपदात पुन्हा धूर, पुन्हा "सांगतो".

त्याच भाद्रपदात तो राघो पाटलाची कालवड ओढ्याकाठी विसरून आला. ती मुरबाडच्या कोंडवाड्यात सापडली. पाटलाने सांगून टाकले, "दिवाळीच्या पाडव्याला पारख घेनार. समदी गुरं म्होरं उभी करीन. कोनतं कोनाचं ते धाकलूनं सांगावं. चुकला तर गुरं दुसऱ्याकडं."

गुरे गेली की वर्षाचे भात जाणार, आणि गावाने राखणीपायी दिलेली झोपडीही. आज तो पाडवा होता.

विलायतेत लढाई जुंपली होती, पण वाडी गांजाच्या वादात गुंतली होती. गावाबाहेरच्या माळावर सगळे जमले होते.

"गांजाने मेंदू भुसभुशीत होतो," मास्तर तपकिरीची चिमूट चढवून म्हणाले. "व्यसन वाईटच."

"शंकर देव ओढतो, त्याचं काय?" बाईजा म्हातारीने विचारले.

"देवाचं येगळं, म्हातारे," पाटील म्हणाला. पाडव्याची मोहाची दारू त्याने सकाळीच घेतली होती. "त्याला एकच बैल राखायचाय. त्योबी बसलेला."

माणसे हसली. सकुबाईला हसू आले नाही. पोरांनी सणासाठी गुरांच्या अंगावर गेरूचे ठसे उमटवले होते, त्यात पांढरी कुठली नि तांबडी कुठली तिलाच कळेना. त्या घोळक्यात एक कबरी गाय होती. ती तिने जन्मात पाहिली नव्हती.

बाईजा कानाशी लागली. "पाटलानं काल आनली, किन्हवलीच्या सोयऱ्याची. मुद्दाम घुसवलीय. तू गप ऱ्हा."

धाकलू दहा हातांवर उभा होता, पण त्याला सांगणार कसे? बघणारे डोळे सगळ्या वाडीचे.

"कर रे सुरू," पाटील म्हणाला.

धाकलूने गुरांकडे बघितले. "ही..." म्हणून बोट उचलले. ते तसेच वर राहिले आणि सावकाश खाली आले. कोणीतरी खाकरले. मग त्याने जिभेने टक् केले, पाठ फिरवली आणि रोज संध्याकाळी जायचा तसा वाडीकडे चालू लागला. गुरे मागून निघाली.

पहिल्या आळीशी एक तांबडी वळली आणि दारात शिरली. "ही बाईजाची," धाकलू म्हणाला. दोन बैल डावीकडे गेले. "हे महादूचे." म्हैस तळ्याकडच्या घराला लागली. "ही मास्तराची."

"काय थाट हाय!" महादू म्हणाला. "चालता चालता सांगतोय."

सकुबाई मागून चालत होती. तिला दिसत होते ते असे : गुरे आधी वळत होती, नाव मागून येत होते. जनावरांना घर ठाऊक होते. धाकलू नुसता वाचून दाखवत होता.

शेवटी मारुतीच्या पारापुढे ती कबरी तेवढी उरली. तिला वाडीत घरच नव्हते. ती उभी राहिली. धाकलूही उभा राहिला.

"आनि ही कोनाची रे?" पाटलाने मिशीवरून हात फिरवला.

धाकलू तिच्याकडे बघत राहिला. सकुबाईने पदराचे टोक दातात धरले.

"माझी," धाकलू म्हणाला.

"तुझी?"

"मंग? मोरी हाय ना आमची."

मग पाटील असा हसला की त्याचा फेटा सुटला. "लेकाचा! परकी वळखून वर माझ्या सोयऱ्याची गाय गिळाय बसला! ह्याचं डोकं गेलं म्हननारा कोन तो?"

सगळ्यांनी मास्तरांकडे बघितले. मास्तर म्हणाले, "अपवाद असतात."

"आजची रात ठेव तुझी मोरी. सकाळी मानूस धाडतो," पाटील डोळे पुसत म्हणाला. "आनि पुढल्या पाडव्यापत्तुर गुरं तुझ्याकडं."

सकुबाईही हसली. सगळ्यांच्या मागून हसली, कारण हसायला हवे होते. त्यांची मोरी, तीही कबरीच गाय, दोन वर्षांमागे खुरकुताच्या साथीत गेली होती. धाकलूनेच तिला ओढ्यापलीकडे पुरले होते आणि दोन दिवस तो जेवला नव्हता.

झोपडीच्या पडवीत मोरीच्या खुंट्यापाशी सरपण रचले होते. धाकलूने ते बाजूला केले. "हितं लाकडं कोनी टाकली?" तो कुरकुरला. त्याने कबरीला बांधले आणि तिची गळ्याखालची पोळी खाजवू लागला. "लय भटकलीस गो," तो तिला म्हणाला. परकी गाय मान लांब करून उभी राहिली.

सकुबाईने गाईपुढे पेंढा टाकला. उद्या पाटलाचा माणूस येऊन दावे सोडील. मोरी कुठं म्हणून हा विचारील, की विचारणारच नाही? यातले वाईट कोणते, ते तिला ठरवता येईना.

"गाय," धाकलू एकाएकी म्हणाला.

"काय?"

"सकाळचं कोडं गो. गाय." तो तोंडभर हसला, हळदीला हसला होता तसा.

"बराबर हाय," सकुबाई म्हणाली.

त्याने चिलीम काढली. सकुबाई आत गेली. कोपऱ्यातली त्याची गुरांची काठी घेऊन तिने अंगाशी उभी धरून पाहिली. वीतभर लांब होत होती. उंबऱ्यावर ठेवून कोयत्याने तिने तेवढी छाटली, आणि भाकरीचे पीठ दोघांपुरते मळायला घेतले, उद्या रानात न्यायला.